चेहऱ्याआधी चित्र : नोटांवर कलावंत आणणाऱ्या आणि काढणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
चलनी नोटांवर कोण यावे आणि कोण जावे हे ठरवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य,
देशोदेशीच्या मध्यवर्ती बँका

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी फार थोड्यांना मराठी येत असेल, हे मला ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहिते. ज्या भाषेत मी मुलांना रेघ ओढायला शिकवले, त्याच भाषेत मला नीट भांडता येते. शिवाय हे पत्र जितके तुम्हाला आहे, तितकेच नोट हातात आली की फक्त आकडा बघणाऱ्या माझ्या वाचकांनाही आहे.

निमित्त दोन लाटांचे आहे. नॉर्वेने नोव्हेंबर २०१९ मध्ये हजार क्रोनरची नवी नोट काढली. तिच्यावर उघड्या समुद्रातली एक लाट आहे. त्याआधीच्या, २००१ मध्ये आलेल्या नोटेवर नॉर्वेचा चित्रकार एदवार्द मुंक होता, आणि पाठीमागे त्याने ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहात रंगवलेला सूर्य. मुंक म्हटले की जगाला एक किंचाळणारा माणूस आठवतो. ते सोपे चित्र टाळून कुणीतरी सूर्य निवडला होता, याचे मला फार कौतुक वाटे. वर्षभरात ती नोट चलनातून बाद झाली. पुढे जुलै २०२४ मध्ये जपानने हजार येनची नवी नोट काढली. तिच्याही पाठीवर लाट आहे. पण ती होकुसाई या जपानी चित्रकाराची आहे.

माझ्या अल्बममध्ये या दोन नोटा समोरासमोर आहेत. एका पानावर चित्रकार गेला आणि लाट आली, दुसऱ्यावर लाटेच्या पाठीवर बसून चित्रकार आला. समुद्राशी माझे काही वाकडे नाही. पण एका लाटेला कुणीतरी पाहिले आहे आणि दुसरी नुसती आहे, एवढा फरक मला दर वेळी पान उलटताना टोचतो. म्हणून हे पत्र.

मी चित्रकला शिक्षिका होते. नोटा जमवण्याचा नाद नोकरीच्याही आधीचा. वर्गात मी या नोटा पुस्तकापेक्षा जास्त वापरल्या. पुस्तकात चित्राचा फोटो असतो. नोटेवरचा चेहरा मात्र कुणीतरी धातूच्या पत्र्यावर रेघ रेघ करून कोरलेला असतो. दहापटीचे भिंग घ्या आणि गालावर धरा. गाल दिसेनासा होतो आणि फक्त रेघा उरतात. सावलीकडे जाताना रेघ जाड होते. आणखी अंधार हवा असेल तिथे तिच्यावरून दुसरी रेघ तिरकी जाते, आणि दोघींच्या मधल्या चौकटीत एक ठिपका बसवलेला असतो. उजेडाकडे येताना तीच रेघ बारीक होत होत तुटते आणि तिचे ठिपके होतात. मग सगळे थांबते आणि कोरा कागद उरतो. तो कोरा कागद म्हणजे गालाचे हाड. बोट फिरवले तर शाईचा उंचवटा लागतो. मुलांना मी सांगायची, हा गाल रंगवलेला नाही रे, मोजलेला आहे. छायाप्रकाशावर मी जे चार तास बोलले असते, ते त्यांना चार मिनिटांत कळायचे.

एकदा शाळेच्या प्रदर्शनासाठी मी नोटांचा एक मोठा फलक केला. पुठ्ठ्यावर नोटा, वर पारदर्शक कागद, खाली माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. त्यात मेक्सिकोची २०१० ची ५०० पेसोंची नोट होती. चिठ्ठीवर लिहिले होते : दिएगो रिवेरा आणि फ्रिदा काहलो, चित्रकार दांपत्य. सातवीतली एक मुलगी फलकापुढे बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाई, यात ती कुठंय?"

ती नव्हतीच. त्या नोटेवर रिवेरा समोर आहे आणि फ्रिदा पाठीवर. मी नोट चिकटवली आणि फ्रिदाचे तोंड पुठ्ठ्याला लावून ठेवले. वर तिचे नावही लिहिले. दुसऱ्या दिवशी नोट उलटी लावली, तर एका मुलाने विचारले, रिवेरा कुठे गेले? शेवटी मी पुठ्ठ्याला खिडकी कापली. ती मुलगी फार बोलणारी नव्हती, पण त्या दिवसापासून कुठलीही नोट हातात आली की मी आधी विचारते : समोरची बाजू कुठली, हे कुणी ठरवले? उत्तर, सन्माननीय सदस्यहो, दर वेळी तुमच्याकडे येऊन थांबते.

आता तक्रारी. क्रमाने मांडते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार निवडीच्या रीतीबद्दल. इथे मला मुद्दाम सगळ्यात चांगले उदाहरण घ्यायचे आहे, कारण वाईटाबद्दल बोलणे सोपे असते. बँक ऑफ इंग्लंडने २०१५ मध्ये जाहीर केले की २० पौंडांच्या पुढच्या नोटेवर दृश्यकलेतली व्यक्ती असेल, आणि लोकांकडून नावे मागवली. २९,७०१ सूचना आल्या. त्यांत ५९० पात्र कलावंत निघाले. छाननीनंतर पाच नावे उरली : शिल्पकार बार्बरा हेपवर्थ, चार्ली चॅप्लिन, कुंभकलेतला जोसाया वेजवूड, आणि विल्यम होगार्थ व जे. एम. डब्ल्यू. टर्नर हे चित्रकार. एप्रिल २०१६ मध्ये टर्नरचे नाव जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नोट लोकांच्या हातात पडली. आकडे जाहीर, यादी जाहीर, निर्णय जाहीर. इतके उघड्यावर काम फार थोड्या बँका करतात.

नोटही चांगली उतरली. टर्नरने तरुणपणी काढलेले स्वतःचे चित्र, 'द फायटिंग टेमेरेर' हे मोडीत निघालेल्या जहाजाचे चित्र, प्रकाश म्हणजेच रंग अशा अर्थाचे त्याच्याच व्याख्यानातले शब्द, आणि सही त्याच्या मृत्युपत्रातली. ज्याने आपली चित्रे देशाच्या नावे ठेवली, त्याची सही मृत्युपत्रातून घ्यायची हे ज्याला सुचले, त्याला माझा नमस्कार सांगा.

मग तक्रार काय? तक्रार ही की लोकांना नावे विचारली. नाव विचारले की माणूस आठवणीतले नाव सांगतो, आणि आठवणीत तेच असते जे शाळेच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, टपाल तिकिटावर आधीच येऊन गेलेले असते. हजारो लोक मत द्यायला पुढे आले होते. त्यांच्यापुढे पन्नास चित्रे ठेवली असती, नावे झाकून, आणि विचारले असते की यातले काय रोज खिशात बाळगायला आवडेल, तर? टर्नर तरीही आला असता कदाचित. पण होगार्थ इतक्या सहज मागे पडला नसता, असे मला वाटते.

होगार्थबद्दल जरा थांबते, कारण माझे मत त्याला होते. या माणसाने उमेदवारीच केली चांदीच्या भांड्यांवर कोरीवकाम करणाऱ्याकडे. पुढे स्वतःची चित्रे स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरून विकू लागला. त्याची पहिली गाजलेली मालिका बाजारात आली न आली तोच तिच्या नकला निघाल्या. तेव्हा त्याने आणि त्याच्या साथीदारांनी खटपट करून १७३५ मध्ये कोरीव चित्रांच्या नकलेविरुद्ध कायदा करून घेतला; पुढची मालिका तर त्याने तो कायदा लागू होईपर्यंत अडवून ठेवली. इंग्लंडात आजही त्या कायद्याला होगार्थचे नाव आहे. आता सांगा, ज्या कागदाची नक्कल होऊ नये म्हणून तुम्ही जलचिन्हे, धागे, रंग बदलणारी शाई असा एवढा खटाटोप करता, त्या कागदावर बसायचा हक्क याच्याहून जास्त कुणाचा? टर्नर थोर आहेच. पण धुके आणि उजेड रंगवणाऱ्या माणसाला रेघांच्या माध्यमात बसवायचे, आणि जन्मभर रेघ कोरलेल्या माणसाला बाहेर ठेवायचे, यात मला गंमतही वाटते आणि वाईटही.

दुसरी तक्रार मुख्य आहे. चित्रकार निवडला की तुम्ही त्याचा चेहरा घेता. सेनापतीचा चेहरा घ्या, शास्त्रज्ञाचा घ्या. त्यांचे काम नोटेवर मावत नाही. लढाई मावत नाही आणि समीकरण मावले तरी कुणाला कळत नाही. चित्रकाराचे तसे नाही. त्याचे काम म्हणजेच सपाट पृष्ठभागावरचे दिसणे, आणि तुमची नोटही तेच आहे. त्याचे काम समोर आणण्याची सोय ज्या एका वस्तूत आहे, तिथेच तुम्ही त्याची दाढी दाखवता. बाजूला रंगपाटी आणि कुंचला ठेवला की चित्रकार झाला, असे कुणाला वाटत असेल तर मग माझ्या सातवीच्या वर्गानेही नोटा काढल्या असत्या.

हे जमत नाही असे नाही. जमलेले आहे. पश्चिम जर्मनीच्या १९६० च्या मालिकेत २० मार्कांच्या नोटेवर एल्सबेथ टुखर नावाची बाई होती. ती राणी नव्हती, संत नव्हती. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४९९ मध्ये तिचे चित्र काढले, एवढेच तिचे कर्तृत्व. नोटेवर ड्यूररचा चेहरा नाही. ड्यूररने पाहिलेला चेहरा आहे. इतकी वर्षे लोक ड्यूररच्या डोळ्यांनी एका बाईकडे बघत पैसे मोजत राहिले. मला 'नजर' म्हणायचे आहे ते हे.

स्वित्झर्लंडने चेहरा आणि काम दोन्ही आणले. १९९८ मध्ये आलेल्या शंभर फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेती, सुरकुतलेला, थकलेला. आणि पाठीवर त्याचा तो काटकुळा चालणारा माणूस, वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा. शिल्पाभोवती आपण फिरतो ना, तसे. हा 'चालणारा माणूस' २०१० मध्ये लिलावात साडेसहा कोटी पौंडांच्या घरात गेला, तेव्हा माझ्याकडे तो अल्बममध्ये होता, आणि मुलांची बोटे लागून नोटेचा एक कोपरा मऊ झाला होता.

फ्रान्सच्या शंभर फ्रँकवर चित्रकार देलाक्रवा होता, आणि त्याच्यामागे १८३० च्या उठावातली झेंडा उचललेली स्वातंत्र्यदेवी. सरकारी कागदावर सरकार उलथवणारे चित्र! पुढे १९९७ मध्ये त्याच किमतीच्या नोटेवर चित्रकार सेझान आला. याचा बाप फ्रान्समधल्या एक्स या गावी बँकेचा मालक. पोराने बँकेत बसावे म्हणून त्याने जीव टाकला, पोराने काही दिवस हिशेब लिहून पाहिले आणि पळ काढला. शेवटी बँकेनेच त्याला गाठले. आणि डच चित्रकार फ्रान्स हाल्स? म्हातारपणी हार्लेम शहराच्या मदतीवर दिवस काढले, आणि मेल्यानंतर तीनशे वर्षांनी दहा गिल्डरच्या नोटेवर आला. चित्रकारांचा आणि पैशाचा संबंध हा असाच उशिरा जुळतो.

तिसरी तक्रार बायकांची. सातवीतल्या त्या मुलीची म्हणा.

दक्षिण कोरियाने २००९ मध्ये ५०,००० वोनची नोट काढली, त्यांची सर्वांत मोठ्या किमतीची, आणि तिच्यावर सोळाव्या शतकातली चित्रकार शिन सैमदांग आली. आनंदाची गोष्ट. पण तिथल्याच काही स्त्रीसंघटनांनी आक्षेप घेतला, तो मला मोलाचा वाटतो. त्यांचे म्हणणे, ही चित्रकार म्हणून आलेली नाही, आदर्श आई म्हणून आली आहे. तिचा मुलगा यी ई हा मोठा तत्त्ववेत्ता, तो ५,००० वोनच्या नोटेवर आधीपासून आहे. गंमत अशी की त्याच्या नोटेच्या पाठीवर कलिंगडाचा वेल आणि किडेमुंग्यांचे चित्र आहे, ते तिच्या नावावर सांगितले जाते. म्हणजे तिचे काम मुलाच्या पाठीवर आधी आले, चेहरा मागाहून आला. माझ्या हिशेबाने ती खरी चित्रकार म्हणून दिसते ती ५,००० च्या नोटेवर, ५०,००० च्या नाही.

जर्मनीच्या ५०० मार्कांवर चित्रकार मारिया सिबिला मेरिआन होती. मागे रानटी फुलाचे झाड, त्यावर सुरवंट, त्यावर पतंग. तिने आयुष्यभर जे पाहिले तेच. स्वित्झर्लंडच्या पन्नासाच्या नोटेवर कलावंत सोफी टॉयबर-आर्प होती, तिचे काम मागे. डेन्मार्कच्या हजार क्रोनरवर आना आंखर आणि मिकेल आंखर हे चित्रकार जोडपे होते, आणि दोघे एकाच बाजूला, शेजारी शेजारी. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याला खिडकी कापावी लागली नव्हती. आपण यातले काय करतो आहोत, आईला बसवतो आहोत, बायकोला पाठीवर टाकतो आहोत की चित्रकाराला आणतो आहोत, हा प्रश्न बैठकीत एकदा तरी मोठ्याने विचारला जावा.

चौथी तक्रार करताना मला शब्द जपून वापरावे लागतील, कारण इथे दोष तुमच्या नियमाचा आहे, हेतूचा नाही. चेहरा कोरायचा तर त्या व्यक्तीचे भरवशाचे चित्र हाताशी लागते. मग ज्यांचे चेहरे कुणी काढून ठेवले नाहीत ते पहिल्याच चाळणीत गळतात. जगातल्या बहुतेक चित्रांचे, विणकामाचे, मातीकामाचे, लेण्यांचे कर्ते असे गळलेले आहेत. होकुसाईची लाटसुद्धा एकट्या होकुसाईची नाही. त्याने रेखाटन केले. लाकडात ते कोरले दुसऱ्याने, कागदावर छापले तिसऱ्याने. फेसाची ती नखे लाकडातून बाहेर काढणारा हात कुणाचा, हे त्या छापावर लिहिलेले नाही.

भारताच्या आजच्या नोटा बघा. दहाच्या नोटेवर कोणार्क, वीसच्या नोटेवर वेरूळ, दोनशेच्या नोटेवर सांची. तीनही जागी कलावंतच आहेत, फक्त बिननावाचे. आणि समोर गांधीजींचा जो हसरा चेहरा आहे, तो १९४६ च्या एका छायाचित्रावरून घेतलेला. ते छायाचित्र कुणी टिपले, याची नोंद सापडत नाही. अब्जावधी वेळा छापले गेलेले चित्र आणि त्याचा कर्ता अज्ञात! दोष कुणाचा नाही. पण ज्यांना चेहरा नाही त्यांचे काम 'देखावा' म्हणून पाठीवर, आणि ज्यांना चेहरा आहे ते 'व्यक्ती' म्हणून समोर, ही वाटणी मला पटत नाही. नाव नसलेल्या कोरक्याच्या हत्तीला समोरच्या बाजूला जागा दिली तर नोटेचे काय बिघडेल?

पाचवी तक्रार काढून टाकण्याची, जिथून पत्र सुरू झाले.

मुंक गेला. स्वित्झर्लंडच्या नव्या मालिकेत माणसाचा चेहराच नाही. वारा आहे, पाणी आहे. जाकोमेतीची नोट एप्रिल २०२१ अखेर व्यवहारातून बाद झाली. आंखर जोडप्याच्या जागी पूल आला. रिवेरा आणि फ्रिदाच्या जागी २०१८ मध्ये राजकारणी बेनितो हुआरेस आला आणि पाठीवर देवमासा. युरोने तर २००२ मध्ये एका झटक्यात रफाएल, काराव्हाज्जो, बर्निनी, सेझान, माग्रित, मेरिआन या कलावंतांना घरी पाठवले आणि त्यांच्या जागी असे पूल आणले जे तेव्हा कुठल्याच नदीवर नव्हते. (माग्रितची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९६२ मध्ये त्याच्या एका मित्राने शंभर फ्रँकच्या नोटेवर माग्रितचा चेहरा लावून त्याची टर उडवणारे पत्रक काढले होते. माग्रित रागावला. १९९८ मध्ये बेल्जियमच्या बँकेने खरोखरच पाचशे फ्रँकवर त्याला छापले. टर उडवणाऱ्याने नोटेची किंमत तेवढी कमी धरली होती.)

तुमची बाजू मला कळते. चेहरा आणला की भांडण येते : हा का, ती का नाही, याने अमुक पाप केले होते. पक्षी आणि नद्या कुणाचा इतिहास काढत नाहीत. अनेक देशांची एक नोट असेल तर कुणाचा चित्रकार घ्यायचा, हा तर न सुटणारा तिढा. बँक ऑफ इंग्लंडनेही २०२५ मध्ये लोकांना विचारताना ऐतिहासिक व्यक्ती हा विषय सहांपैकी एक म्हणूनच ठेवला. वास्तू, निसर्ग, नवे शोध हे शेजारी होतेच. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नोटांसाठी दोन पर्याय पक्के केले : एक युरोपीय संस्कृती, दुसरा नद्या आणि पक्षी. पहिल्यातल्या सहा माणसांत चित्रकार एकच, लिओनार्दो, शंभर युरोवर. तो १९६७ मध्ये इटलीच्या पन्नास हजार लिरांवर येऊन गेला आहे. साठ वर्षांनी पुन्हा तोच. मी लिओनार्दोच्या विरुद्ध आहे असे कुणी म्हणू नये, पण त्याला नोटेची गरज आहे का? नोटेला त्याची आहे, हे मान्य.

भांडण टाळायला पक्षी आणायचे तर निदान असे पक्षी आणा जे कुणीतरी पाहून काढलेले आहेत. मेरिआनचा सुरवंट हा निसर्गही आहे आणि चित्रही. होकुसाईची लाट ही समुद्रही आहे आणि माणूसही. निसर्ग की कलावंत, हा पेच तुम्ही उगीच घालून घेतला आहे.

सहावी तक्रार छोटी आहे. नोट कोरणाऱ्याचे आणि रचणाऱ्याचे नाव लोकांना कळत नाही. नेदरलँड्सच्या नोटा रचणारे ओत्ये ओक्सेनार यांनी तत्त्ववेत्ता स्पिनोझाच्या हजार गिल्डरच्या नोटेत, त्याच्या केसांच्या वळणांत, स्वतःच्या बोटाचा ठसा लपवला होता. मला तो खोडसाळपणा वाटत नाही. सही करायला जागा न दिलेल्या माणसाने बोट टेकवले.

तर मागण्या अशा आहेत.

यापुढे लोकांना नुसती नावे विचारू नका. कामे दाखवा आणि मग विचारा. चित्रकार निवडलात तर त्याचे एक तरी काम नोटेवर नीट, ओळखू येईल एवढे मोठे द्या; चेहऱ्यामागे पडद्यासारखे फिकट टांगू नका. जागा कमी असेल तर चेहरा लहान करा. कामाचे नाव आणि वर्ष बारीक अक्षरांत तिथेच छापा, म्हणजे एखादे पोर ते शोधायला जाईल. चेहरा उपलब्ध नाही म्हणून कुणाला गाळू नका. अशांसाठी कामच समोरच्या बाजूला आणा. दोन कलावंत एका नोटेवर आणलेत तर दोघांना एका बाजूला आणा, किंवा मागे का टाकले ते लेखी सांगा. नवी मालिका काढताना गेलेल्या कलावंताऐवजी काय आले आणि का, याचे दोन परिच्छेद तरी जाहीर करा. कोरणाऱ्याचे नाव नोटेवर नको, सुरक्षेचे काही असेल. पण नोट बाद झाल्यावर तरी ते सांगा. आणि समितीत इतिहासकार, अर्थतज्ज्ञ, छपाईतज्ज्ञ यांच्या जोडीला एक रोज हाताने चित्र काढणारा माणूस असू द्या. पद मोठे नसले तरी चालेल.

रोख व्यवहार कमी होत चालले आहेत, मग कशाला हा आटापिटा, असे मला घरातूनच ऐकावे लागते. उलट आहे. नोटा कमी हाताळल्या जाणार असतील तर ज्या उरतील त्या बघायला तरी लायक हव्यात.

शेवटची विनंती मागणी नाही. पुढच्या बैठकीत नमुने पडद्यावर मोठे करून बघू नका. नोट खऱ्या मापात छापून घ्या, प्रत्येकाच्या हातात द्या, आणि खिडकीजवळ जाऊन भिंगाखाली धरा. आधी समोरची बाजू, मग पाठ. माझ्याकडे दहापटीचे एक भिंग जादा आहे. कडेला थोडे चरे गेले आहेत, मुलांच्या हातून पडून. पत्ता कळवलात तर पाठवते.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका